चांद्याच्या मूळपुरुषाचा मागोवा

अमेरिकेतील एखादे कुटुंब आपला पहिला पूर्वज धुंडाळू लागले, की उतारूंच्या याद्या, चर्चमधील बाप्तिस्म्याच्या नोंदवह्या आणि जुन्या मृत्युपत्रांच्या नकला त्याच्या कामी येतात. चांद्याच्या, म्हणजे आजच्या चंद्रपूरच्या, गोंड राजवंशाचा मूळपुरुष शोधणाऱ्याला मात्र कोणत्याही दप्तराआधी परधान भाटाच्या किंगरी वाद्यापाशी बसावे लागते, कारण यजमान कुळांची उत्पत्तिकथा गाऊन राखण्याचे वतन या अरण्यप्रदेशात त्याच्याकडेच पिढीजात चालत आले आहे.

भीमबल्लाळसिंहापासून नीलकंठशहापर्यंत 19 राजांची जी नामावळी आज सर्वत्र प्रचारात आहे, तिचा कागदोपत्री आधार म्हणजे मेजर लूसी स्मिथ यांचा 1869 चा जमीनमहसूल बंदोबस्ताचा अहवाल. तीत राज्याचा आरंभ इ. स. 870 चा धरला आहे, आणि अखेर 1751 ची, म्हणजे नागपूरकर रघूजी भोसल्यांनी चांदा कायमचा घेतला तेव्हाची. सरकारी अहवालात शिरलेल्या दंतकथेलाही सनदेची किंमत येते. त्यामुळे साधे त्रैराशिक मांडण्याची तसदी घ्यावी असे पुढच्या पुष्कळांना वाटले नाही. 881 वर्षांना 19 ने भागले असता प्रत्येक राजाच्या वाट्यास 46 वर्षांहून अधिक काळ येतो. उलट बाबरापासून औरंगजेबापर्यंतच्या 181 वर्षांत सहा बादशहा झाले, आणि अकबर व औरंगजेब या दोघांनी सुमारे पन्नास पन्नास वर्षे तख्त सांभाळूनही सरासरी काही तिसाच्या फारशी वर जात नाही. तेव्हा एक तर मधली कित्येक नावे गळाली असावीत, किंवा आरंभच मागे ओढला गेला असावा. माझा कल दुसऱ्या पक्षाकडे आहे. वंशाला प्राचीनत्व देण्याचा मोह कोणत्या भाटाला आवरला आहे?

पाय टेकायला जागा मिळते ती अकबराच्या काळी. ‘आईन-इ-अकबरी’त अबुल फजलाने चांद्याच्या बाबजीची नोंद केली असून त्याच्यापाशी 1,000 स्वार आणि 40,000 पायदळ असल्याचे लिहिले आहे. याच वंशातल्या खांडक्या बल्लाळशहाचा असाध्य त्वग्रोग, झरपट नदीच्या पाण्याने त्यास आलेला उतार, आणि कुत्र्यावर उलटलेल्या सशाच्या मागावर आखला गेलेला चांद्याचा परकोट, ही सारी कथा या नोंदीच्या पलीकडची. ती गोड आहे, पण पुरावा नव्हे.

शिवाय रक्ताचा धागाही अखंड नाही. पुढे याच वंशातला राजा बीरशहा निपुत्रिक वारल्यावर राणी हिराईने दत्तक घेतलेल्या रामशहाकडे गादी गेली, आणि पतीची भव्य समाधीही तिनेच उभारली.

राजघराण्याला मूळपुरुषाची जितकी निकड, तितकी रयतेला नाही. गडचिरोलीच्या रानातील गोंड गृहस्थ सोयरीक जुळवताना समोरच्याच्या पणजोबाचे नाव विचारीत नाही. तुम्ही किती देवांचे, चार, पाच, सहा की सात, एवढेच विचारतो, आणि संख्या सारखी निघाली की ते घर भावकीचे ठरून मुलीची गोष्ट तिथेच थांबते.