श्रमाची लॅटिन ब्रीदवाक्ये



कामगार संघटनेत आयुष्य घालविलेला माणूस लॅटिन वाक्यांवर बोलावयास उभा राहतो, हे पाहून आपणांपैकी काहींना गंमत वाटली असेल. वाटणे साहजिक आहे. माझी शाळा दहावीला सुटली. वडील गिरणीच्या साचेखात्यात होते. १९८२ च्या संपानंतर घरात जे दिवस आले, त्यांत पुढे शिकण्याचा विचार करण्यासही जागा उरली नाही. लॅटिन मी कोणत्याही महाविद्यालयात शिकलो नाही. जे थोडेफार कळते ते शब्दकोश उशाशी ठेवून, जाणकारांचे दार ठोठावून आणि पुष्कळदा चुकून मिळविलेले आहे. तेव्हा हे पंडिताचे व्याख्यान समजू नये. उशिरा अक्षरओळख झालेला माणूस रस्त्याने जाताना प्रत्येक पाटी वाचीत जातो, तशातला हा प्रकार आहे.

या नादाचे मूळ एका प्रश्नात आहे. बऱ्याच वर्षांपूर्वी आझाद मैदानावरील सभा आटोपून आमची मंडळी बोरीबंदर स्टेशनासमोर उभी होती. समोर मुंबई महानगरपालिकेची इमारत. आमच्यातील एका वयस्क बाईंनी इमारतीच्या माथ्याकडे बोट केले आणि मला विचारले, "भाऊ, ती वरची पंखवाली बाई कुठली हो देवी?" मला सांगता येईना. पुढारी म्हणविणाऱ्या माणसाला सांगता येत नाही, याची तेव्हा लाज वाटली.

शोध केल्यावर कळले की, ती देवी नव्हे. १८९३ साली पूर्ण झालेल्या त्या इमारतीच्या दर्शनी भागावर मुंबई नगरीलाच स्त्रीरूप देऊन बसविले आहे आणि 'उर्ब्स प्रीमा इन इंदीस' या लॅटिन ब्रीदवाक्याची ती मूर्ती आहे. उर्ब्स म्हणजे नगर, प्रीमा म्हणजे पहिले, इन इंदीस म्हणजे हिंदुस्थानात. हिंदुस्थानातील पहिले नगर! पालिकेचे आजचे ब्रीद संस्कृत आहे, 'यतो धर्मस्ततो जयः'. तेच आपल्या सर्वोच्च न्यायालयाचेही आहे. पण जुने लॅटिन वाक्य अजून लोकांच्या बोलण्यात आहे. पुढल्या भेटीत मी मोठ्या ऐटीत त्या बाईंना अर्थ सांगितला. त्यांनी ऐकून घेतले आणि एवढेच विचारले, "पहिलं म्हणजे कशात पहिलं?"

त्या दिवसापासून कोणतेही ब्रीदवाक्य दिसले की मी हाच प्रश्न विचारतो. वाक्य काय सांगते हे तर पाहावयाचेच. पण ते काय सांगावयाचे टाळते, तेही पाहावयाचे.

आता, ब्रीदवाक्ये लॅटिनमध्येच का? रोमन साम्राज्य लयास गेले तरी पुढे हजाराहून अधिक वर्षे युरोपात धर्मपीठ, न्यायपीठ आणि विद्यापीठ या तिन्ही पीठांची भाषा लॅटिनच राहिली. दुसरे कारण भाषेच्या घडणीत आहे. संस्कृताप्रमाणेच लॅटिनमध्येही शब्दाच्या शेवटच्या प्रत्ययात विभक्ती आणि काळ सामावतात. म्हणून 'सत्यमेव जयते' जसे एका दमात सांगून होते, तसेच लॅटिन वाक्यही. ढालीखालच्या चिंचोळ्या फितीवर मावेल असे वाक्य त्या भाषेत सहज होते. तिसरे कारण मात्र भाषेचे नाही, प्रतिष्ठेचे आहे. जे सर्वांना कळत नाही त्याचा दरारा अधिक. ज्यांच्या डोक्यावर ते वाक्य कोरलेले असते, त्या दारातून रोज आतबाहेर करणाऱ्यांपैकी बहुतेकांना ते वाचता येत नाही.

माझ्या धंद्यामुळे माझे लक्ष साहजिकच इंग्लंडमधील गिरणगावांकडे गेले. आपल्याकडे पहिली कापडगिरणी काढण्याचा उद्योग मुंबईस १८५४ मध्ये सुरू झाला, तो ज्या गावांकडे पाहून, ती ही गावे. त्यांनी एकोणिसाव्या शतकात नगरपालिका मिळविल्या, मानचिन्हे घेतली आणि त्यांखाली लॅटिन वाक्ये घातली. गंमत अशी की, त्यांतील कितीतरी वाक्यांत 'लाबोर', म्हणजे श्रम, हा शब्द येतो. ब्लॅकबर्नचे ब्रीद 'आर्ते एत लाबोरे', म्हणजे कौशल्याने आणि श्रमाने; तेथील फुटबॉल संघ अजून ते मिरवितो. मँचेस्टरचे 'कोंकिलिओ एत लाबोरे', म्हणजे विचारविनिमयाने आणि श्रमाने. बोल्टनने तर शब्दांचा खेळ केला आहे. माळरानावरचे बोल्टन म्हणून त्याला लॅटिनमध्ये 'बोल्टन सुपेर मोरास' म्हणत; त्यावरून ब्रीद झाले 'सुपेरा मोरास', म्हणजे विलंबावर मात कर. ही वाक्ये ऐकून वाटावे की, ही कामगारांचीच गावे!

परंतु तारखा लावून पाहिल्या म्हणजे निराळे दिसते. मँचेस्टरला मानचिन्ह मिळाले १८४२ च्या मार्च महिन्यात. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये मजुरीतील कपातीविरुद्ध आणि मताच्या हक्कासाठी त्या टापूतील गिरण्या एकामागून एक बंद पडल्या. बॉयलरच्या बुचा काढून कामगारांनी वाफ सोडून दिली. श्रम कामगाराचे होते, यात शंका नाही. पण विचारविनिमय करणाऱ्यांत त्याला जागा नव्हती, कारण त्याला मतच नव्हते. वाक्यातले दोन शब्द दोन निरनिराळ्या माणसांकडे होते.

आता या सर्वांत प्रसिद्ध असलेल्या वाक्याकडे वळतो. 'लाबोर ओम्निया विंकित', श्रम सर्वांवर विजय मिळवितात. लोकरीच्या गिरण्यांचे गाव ब्रॅडफर्ड, त्याचे हे जुने ब्रीद. अमेरिकेतील ओक्लाहोमा राज्याचेही हेच. आणि १८८६ साली स्थापन झालेल्या अमेरिकेतील कामगार महासंघानेही हेच वाक्य आपलेसे केले. मालकही तेच म्हणतो आणि कामगारही तेच, असे वाक्य विरळाच.

हे वाक्य व्हर्जिल या रोमन कवीच्या शेतीविषयक काव्यातून आले आहे. इसवी सनापूर्वी २९ च्या सुमारास ते काव्य पूर्ण झाले. पण तेथे जाऊन पाहावे तर दोन गोष्टींनी माणूस थबकतो. पहिली अशी की, मुळात क्रियापद वर्तमानकाळी नाही, भूतकाळी आहे. 'विंकित' नव्हे, 'विकित'. एका अनुस्वाराचा फरक. दुसरी अशी की, मुळात 'लाबोर' ला एक विशेषण आहे, 'इम्प्रोबुस'. त्याचा अर्थ निर्दय, निर्लज्ज, पिच्छा न सोडणारा. ब्रीदवाक्य करणाऱ्यांनी काळ बदलला आणि विशेषण गाळले.

कवी तेथे सांगत काय होता? पूर्वी सुवर्णयुग होते, जमीन न मागता पिके देई. मग ज्युपिटर देवाने ते सुख काढून घेतले, सापांना विष दिले, अग्नी लपविला. तेव्हा माणसाला हात चालवावे लागले, कला शोधाव्या लागल्या, आणि त्या निर्दय कष्टांनी व गरजेच्या रेट्याने सारे व्यापून टाकले. हा श्रमाचा विजय म्हणावयाचा की श्रमाने माणसावर मिळविलेला विजय, यावर विद्वानांत आजही वाद आहे. त्या वादात मी शिरत नाही. मात्र एक गोष्ट मराठी माणसाला शब्दकोशावाचून समजते. लॅटिन 'लाबोर' म्हणजे काम आणि त्याच शब्दाचा दुसरा अर्थ हाल, पीडा. आपल्या 'कष्ट' या शब्दाचे तसेच आहे. "कष्टाची भाकरी" म्हणताना अभिमान असतो आणि "फार कष्टात दिवस काढले" म्हणताना डोळ्यांत पाणी. माझ्या आईने हा एकच शब्द एकाच दिवशी दोन्ही अर्थांनी वापरलेला मी ऐकला आहे. ब्रॅडफर्डच्या फितीवर त्यांतला पहिला अर्थ तेवढा मावला.

दुसरा अर्थ त्या गावाला १८९० मध्ये भेटला. तेथील मॅनिंगहॅम या प्रचंड रेशीम-मखमल गिरणीत डिसेंबरमध्ये मजुरीत मोठी कपात जाहीर झाली. संप एकोणीस आठवडे चालला, शेवटी सुमारे पाच हजार कामगार बाहेर होते. त्यांत बायका आणि मुली पुष्कळ. सभांना बंदी झाली, लष्कर बोलाविले गेले आणि एप्रिल १८९१ मध्ये उपासमारीने हरलेले कामगार कमी मजुरीवर कामास परतले. श्रमाने सर्व जिंकले नाही. पण त्या हारेतून एक विचार निघाला की, कामगारांचा स्वतःचा राजकीय पक्ष हवा. जानेवारी १८९३ मध्ये केर हार्डी यांच्या अध्यक्षतेखाली इंग्लंडचा स्वतंत्र मजूर पक्ष स्थापन झाला, तो याच ब्रॅडफर्ड गावी.

गिरण्यांच्या गावांकडून आता त्यांच्या बंदराकडे येऊ. लँकेशायरला लागणारा कापूस उतरे तो लिव्हरपूलला. अमेरिकेतील यादवी युद्धाच्या काळात, १८६१ ते १८६५, तिकडला कापूस अडला, तेव्हा मुंबईहून भरलेली जहाजे याच धक्क्याला लागत; युद्ध संपताच भाव कोसळले आणि मुंबईच्या पेढ्या बुडाल्या, हा इतिहास आपणांस ठाऊक आहे. त्या लिव्हरपूलचे ब्रीद आहे, 'देउस नोबीस हैक ओतिया फेकित'. ही स्वस्थता, ही निवांत सवड, आम्हांला देवाने दिली.

हे वाक्य लिव्हरपूलने घेतले १७९७ मध्ये. त्या वेळी ते गुलामांच्या व्यापाराचे इंग्लंडमधील सर्वांत मोठे बंदर होते. तो व्यापार कायद्याने बंद झाला १८०७ मध्ये. ती सवड कोणी दिली, हे आफ्रिकेच्या किनाऱ्यावरून जहाजाच्या तळाशी कोंबून नेलेल्या माणसांना विचारावयास हवे होते.

पण येथेही मूळ पाहण्यासारखे आहे. वाक्य पुन्हा व्हर्जिलचेच, त्याच्या गोपगीतांपैकी पहिल्या गीतातले. सैनिकांना जमिनी देण्यासाठी रोमच्या सत्ताधीशांनी शेतकऱ्यांच्या जमिनी काढून घेतल्या, तो काळ. झाडाच्या सावलीत आरामात पडलेला तितिरुस हे वाक्य बोलतो. तो पूर्वी गुलाम होता. रोममधील एका तरुण सत्ताधीशाच्या कृपेने त्याची जमीन वाचली, म्हणून तो त्याला देव म्हणतो. आणि ऐकतो कोण? मेलिबेउस नावाचा शेजारी, ज्याची जमीन गेली आहे आणि जो शेळ्या हाकीत गाव सोडून निघाला आहे. शेवटी तितिरुस त्याला एका रात्रीपुरता आसरा देऊ करतो. घरात पिकली सफरचंदे आहेत, चीज आहे. लिव्हरपूलने तितिरुसचे वाक्य उचलले आणि समोर उभा असलेला मेलिबेउस तेथेच सोडून दिला. कारखाना बंद झाल्यावर ज्याची खोली राहिली आणि ज्याची गेली, अशा दोन शेजाऱ्यांचे बोलणे मी ऐकले आहे. म्हणून हे गीत मला परके वाटत नाही.

'ओतिउम' म्हणजे सवड, आणि सवड नसणे ते 'नेगोतिउम', म्हणजे कामधंदा. लॅटिन माणसाने सवड हा मूळ शब्द धरला आणि कामाला त्याचा अभाव ठरविले! आपल्या गिरणगावाला सवड देवाने दिली नाही. १० जून १८९० रोजी मुंबईच्या गिरणीमालकांनी रविवारची सुट्टी मान्य केली, ती नारायण मेघाजी लोखंडे यांनी सभा भरवून, अर्ज करून, वर्षानुवर्षे मागून मिळविली. रविवारी दुपारी आपण स्वस्थ पडतो तेव्हा त्या स्वस्थतेच्या दात्याचे नाव आपणांस सांगता येते.

गाळण्याने अर्थ नेहमी लहानच होतो असे मात्र नाही. गिरणगावांपैकीच ओल्डहॅमचे ब्रीद आहे 'सापेरे आउदे', शहाणे होण्याचे धाडस कर. ते होरेस या कवीने एका तरुणाला लिहिलेल्या पत्रातले. तेथे मतलब इतकाच की, चांगले वागणे उद्यावर ढकलू नकोस, आरंभ कर. पुढे १७८४ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ कांट याने तेच दोन शब्द घेऊन म्हटले की, स्वतःच्या बुद्धीने विचार करण्याचे धैर्य, हेच प्रबोधन. दहावीला शाळा सुटलेल्यांना याहून चांगले दोन शब्द मला ठाऊक नाहीत.

शेवटचे उदाहरण एका व्यक्तीचे. १८६५ मध्ये कार्ल मार्क्स यांच्या मुलींनी घरगुती खेळात त्यांना काही प्रश्न विचारले. आवडते ब्रीद कोणते? उत्तर आले, 'दे ओम्निबुस दुबितांदुम', प्रत्येक गोष्टीविषयी शंका घ्यावी. आवडते वचन कोणते? 'निहिल हुमानी आ मे आलिएनुम पुतो', माणसासंबंधीचे काहीही मी मला परके मानीत नाही.

हे दुसरे वचन तेरेन्स या नाटककाराचे. तो आफ्रिकेतून रोमला आलेला गुलाम, पुढे मुक्त झालेला. इसवी सनापूर्वी १६३ मध्ये रंगभूमीवर आलेल्या त्याच्या एका सुखान्तिकेत हे वाक्य येते आणि प्रसंग अगदी साधा आहे. एक म्हातारा पहाटेपासून रात्रीपर्यंत स्वतःच्या शेतात खणत असतो. शेजारी त्याला विचारतो की, इतके राबण्याचे कारण काय? म्हातारा चिडतो, स्वतःच्या कामातून दुसऱ्याच्या भानगडीत पडण्याइतकी सवड तुला आहे काय, असे विचारतो. तेथे शब्दही तोच आहे, 'ओतिउम'. त्यावर शेजारी उत्तर देतो की, मी माणूस आहे, आणि पुढे हे वचन. नाटकात तो थोडासा लुडबुड्याच आहे. पण दोन हजार वर्षांत त्याचे वाक्य त्याच्याहून मोठे झाले.

आमच्या धंद्याचे वर्णन याहून नेमके मी कोठे वाचलेले नाही. परक्याच्या दारात जाऊन, "पाळी किती तासांची? हाताला हे काय झाले? पगार पुरा मिळतो का?" असे विचारावयाचे. "तुम्हांला काय करायचंय?" हे पहिले उत्तर बहुतेक ठरलेले असते. ते ऐकूनही तेथून न हलणे, एवढेच आमचे शिक्षण.

श्रोतेहो, आपल्या गावात शाळा आहेत, बँका आहेत, कचेऱ्या आहेत. त्यांच्या दारांवर आता लॅटिन नाही, संस्कृत आहे, मराठीही आहे. उद्या त्यांपैकी एखाद्या दारावरून जाताना वर पाहावे. शब्द कोणते, ते कोठून आणले, मूळ वाक्यातले काय मागे ठेवले आणि त्या दारातून आत जाणाऱ्याला ते लागू पडते का, हे विचारावे. उत्तर आले नाही तर दाराशी उभ्या असलेल्या शिपायाला किंवा झाडूवाल्या बाईला विचारावे. माझा अनुभव असा की, प्रश्न तेच अधिक चांगला विचारतात.