काळोखातला हिरवा उजेड

अमावास्येच्या रात्री, गावात वीज गेलेली असतानाही आकाश पूर्ण काळे नसते. तारे वगळले तरी एक मंद उजेड उरतो आणि तो आपल्याच वातावरणाचा असतो. दिवसा सूर्याची अतिनील किरणे वरच्या हवेतले रेणू फोडतात; साठलेली ती ऊर्जा रात्री प्रकाश होऊन बाहेर पडते. सुमारे ९७ किलोमीटरवर ऑक्सिजनचा हिरवा प्रकाश, २५० च्या आसपास तांबडा.

तो टिपणारा वर्णपटमापक बांधताना मोठी दुर्बीण फारशी उपयोगी पडत नाही, हे ऐकून नवल वाटेल. दुर्बिणीने ताऱ्याचा ठिपका उजळतो, आभाळभर पसरलेला उजेड नाही. त्यामुळे भर मोठ्या ग्रेटिंगवर आणि भरपूर प्रकाश घेणाऱ्या भिंगांवर. फट रुंद करावी तर शेजारच्या रेषा एकमेकींत मिसळतात, अरुंद करावी तर उजेडच उरत नाही. खरी कसरत इथेच! शिवाय कॅमेऱ्याची चिप शून्याच्या बरीच खाली थंड ठेवावी लागते, नाहीतर तिच्याच उष्णतेचा गोंगाट नोंदला जातो.

एडन माइनेल यांनी १९५० मध्ये या उजेडात हायड्रॉक्सिलच्या रेषा ओळखल्या. त्यांच्या तेजाच्या प्रमाणावरून ८७ किलोमीटरवरचे तापमान काढता येते. तिथे फुगे पोहोचत नाहीत, उपग्रह टिकत नाहीत.

कोल्हापुरात भारतीय भूचुंबकत्व संस्थेचे कॅमेरे फिल्टर लावून हाच तांबडा उजेड टिपतात. त्यात दिसणारे काळे पट्टे म्हणजे आयनांबरातले बुडबुडे. त्यांतून येताना जीपीएसचे संकेत डळमळतात.