जिन्याचं वळण

मुंबईतल्या जुन्या चाळीचा अरुंद लाकडी जिना. लिफ्ट नाही आणि वळणावर आडवं स्ट्रेचर फिरतच नाही. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींना धाप लागलीय; त्यांना चालवत खाली नेलं, तर आधीच थकलेल्या हृदयावर आणखी ताण येतो. अशा वेळी पट्ट्यांची, घडीची खुर्ची कामी येते.

छाती, कंबर, पाय पट्ट्यांनी बांधतात. "आजी, कठड्याला हात लावू नका हं," हे आधीच बजावतात, कारण घाबरून कठडा धरला की उचलणाऱ्यांचा तोल जातो. एक जण पाठीमागे, दुसरा पायांकडे. हुकूम मात्र एकाच्याच तोंडी: "एक, दोन, तीन!" वाकायचं ते गुडघ्यात, कंबरेत नाही. उतरताना रुग्णाचे पाय पुढे.

माणूस उंचावरून पडला असेल, तर खुर्ची नकोच. मणका दुखावल्याची शंका असली की लांबीत दोन भागांत सुटणारं स्ट्रेचर दोन्ही बाजूंनी अंगाखाली सरकवतात. माणूस जेमतेम हलतो.

महाराष्ट्रात २०१४ पासून १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मिळते. फोन करताना मजला कितवा, लिफ्ट आहे का आणि रुग्णाला चालता येतं का, हे आवर्जून सांगावं. धावून आलेल्या शेजाऱ्यांनी रुग्णाला उचलण्याची घाई करू नये. आधी जिन्यातल्या सायकली, कुंड्या हलवाव्यात.