काळ्या कातळातली तांबडी पट्टी

‘कळसूबाई म्हणजे जुना ज्वालामुखी.’ बारी गावातून चढणाऱ्या प्रत्येक ट्रेकमध्ये हे कुणीतरी ठासून सांगतंच. निमुळता आकार पाहून तसं वाटतंही. पण 1646 मीटर उंचीच्या या शिखराला ज्वालामुखीचं तोंड कधी नव्हतंच. दख्खनचा लाव्हा जमिनीतल्या लांबलचक भेगांमधून वर आला, आडवा पसरला आणि थरावर थर चढत गेले. पुढे पावसापाण्याने कोरून जे शिल्लक राहिलं, ते आजचं कळसूबाई. भेगाच पाहायच्या असतील तर संगमनेरकडे जावं. भेगेत थिजलेला लाव्हा तिथे सरळ, अरुंद दगडी धारांसारखा उघडा पडला आहे. भूवैज्ञानिक त्यांना डाइक म्हणतात. निनाद बोंद्रे, विल्यम हार्ट आणि हेतू शेठ यांचा त्यांवरचा अभ्यास 2006 मध्ये प्रसिद्ध झाला.

‘काळ्या दगडात जीवाश्म नाहीत, मग इतिहास कुठला?’ लाव्हा निवताना त्यातले लोहयुक्त कण त्या वेळच्या पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्राची दिशा धरून बसतात. ती दिशा मोजल्यावर कळतं की हे थर साचत होते तेव्हा भारत विषुववृत्ताच्या दक्षिणेला होता. शिवाय बरेचसे थर साचले तेव्हा चुंबकीय ध्रुव आजच्या उलट होते. आजची होकायंत्राची सुई तेव्हा दक्षिणेकडे वळली असती.

याच कातळातले निघोजचे रांजणखळगे मात्र लाव्हाच्या बुडबुड्यांचे नव्हेत. कुकडीच्या भोवऱ्यात गरगरणाऱ्या गोट्यांनी ते घासून काढले. ही कामगिरी नदीची आणि बरीच अलीकडची.

सगळ्यात दुर्लक्षित गोष्ट घाटरस्त्यासाठी कापलेल्या कड्यात दिसते. दोन काळ्या थरांच्या मध्ये विटकरी रंगाची पट्टी असते, कुठे वीतभर, कुठे त्याहून जाड. नखाने उकरली तर भुगा पडतो, पावसात हात लावला तर बोटं रंगतात. ‘वरच्या लाव्हाने भाजलेली माती’ हे तिचं नेहमीचं स्पष्टीकरण. थोडी आच लागलीही असेल, पण तांबडेपणा मुख्यतः झिजताना गंजलेल्या लोहाचा. खालचा दगड किंवा त्यावर पडलेली राख हवा-पाण्याने कुजून माती व्हायला वेळ लागतो. म्हणजे तेवढा काळ तिथे नवा लाव्हा आला नव्हता. ‘सगळा लाव्हा एका दमात ओतला गेला’ ही समजूत इथेच मोडते.

अशा काही पट्ट्यांतल्या राखेत झिरकॉनचे बारीक स्फटिक सापडतात. त्यांतल्या युरेनियमचं ठरलेल्या गतीने शिसं होतं, म्हणून ते घड्याळासारखे वाचता येतात. प्रिन्स्टनच्या संशोधकांनी 2015 मध्ये या पद्धतीने मुख्य उद्रेकाचा काळ साधारण साडेसात लाख वर्षांचा काढला. डायनोसॉर नाहीसे झाले तो, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीचा क्षण याच काळात येतो. मात्र त्या क्षणाआधी किती लाव्हा आला आणि नंतर किती, यावर 2019 मध्ये प्रिन्स्टनच्या गटाचे आणि दुसऱ्या एका गटाचे निष्कर्ष जुळले नाहीत. दुसऱ्या गटाने झिरकॉनऐवजी लाव्हातला आर्गॉन मोजला होता आणि त्यांच्या हिशेबाने बहुतेक लाव्हा डायनोसॉर संपल्यानंतरचा आहे.