पहाटेची कंबरदुखी

जड पोते उचलले की कंबर धरते. दोन दिवस पडून राहिले की उतरते. हे दुखणे आपल्या सर्वांच्या ओळखीचे. पण एक कंबरदुखी याच्या अगदी उलट असते. पडून राहावे तर ती वाढते, हिंडू-फिरू लागले की कमी होते! पहाटे दुखण्याने जाग येते. उठल्यावर अर्धा-पाऊण तास अंग लाकडासारखे ताठ. ही बहुधा विशी-पंचविशीतल्या तरुणांना धरते. घरचे म्हणतात, "पोराला कामाचा कंटाळा आलाय." तसे नसते, बरं का.

हा एक प्रकारचा संधिवात आहे. आपल्या रक्तात रोगजंतूंशी लढणारे राखणदार असतात. या आजारात ते चुकून घरच्याच माणसांवर काठी उगारतात. कमरेचे आणि पाठीच्या कण्याचे सांधे सुजतात. वर्षानुवर्षे दुर्लक्ष झाले, तर मणके एकमेकांना चिकटून जातात. मग वाकलेला माणूस सरळ होत नाही.

१९९६ साली पुण्याचे डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांचे सहकारी इंदापूर तालुक्यातील भिगवण गावी घरोघर गेले. चार हजारांवर मोठ्या माणसांची त्यांनी विचारपूस केली. गावाचे सर्वांत मोठे गाऱ्हाणे निघाले अंगदुखी-सांधेदुखीचे. त्यातली पुष्कळशी साधी होती. म्हणून तर खरा संधिवात त्या गर्दीत लपून राहतो.

तो ओळखायला रक्तातली एक खूण मदत करते. तिचे नाव 'एचएलए बी-२७'. या रोग्यांपैकी बहुतेकांना ती असते, हे १९७३ साली कळले. नाक-डोळे जसे आईबापांकडून येतात, तशीच ही खूण येते. पुण्यात ती तपासून मिळते.

इथेच लोक घाबरतात. खूण निघाली म्हणजे आजार जडलाच, असे मुळीच नाही. खूण असलेल्या बहुतेकांना जन्मभर काही होत नाही. रोग्याच्या सख्ख्या नात्यात मात्र धोका जास्त असतो. उलट, खूण नसूनही आजार होतो. तेव्हा नुसत्या त्या कागदावरून कुणाची सोयरीक मोडणे हा आम्हांला शुद्ध अन्याय वाटतो. हा आजार शिवाशिवीनेही लागत नाही.

तो मुळासकट जात नाही, पण आवरता येतो. डॉक्टर सूज उतरवणाऱ्या गोळ्या देतात. त्यांनी दाखवलेला व्यायाम रोज करावा. विडी सोडावी. अंथरूण धरू नये. आणि एखादे दिवशी डोळा लाल होऊन ठणकू लागला, उजेड सोसेना, तर त्याच दिवशी डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जावे. डोळ्याची ती सूजही याच आजाराची असू शकते.