मेलेला गडी परत येतो तेव्हा



आपल्यापैकी पुष्कळांनी लहानपणी कबड्डी खेळली असेल. तिचे जुने तीन प्रकार आठवा. संजीवनीत समोरचा गडी मारला की आपला मेलेला गडी उठून मैदानात येतो. गामिनीत मेलेला गडी सगळा संघ बाद होईपर्यंत बाहेरच बसतो. अमर या प्रकारात गडी बाद झाला तरी खेळत राहतो. समोरच्यांना फक्त गुण मिळतो. तिन्ही प्रकार चांगलेच. पण आपण कोणता खेळतो आहोत, हे आधी ठरावे लागते. मध्येच बदलले की भांडण होते. आज ज्या खेळाविषयी मी बोलणार आहे, त्यातही हाच प्रश्न आहे.

हा खेळ मूळचा अमेरिकेतला. गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह आर्नेसन यांचा 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. चारपाच जण टेबलाभोवती बसतात. प्रत्येकजण एकेक पात्र घेतो, कोणी योद्धा, कोणी चोर, कोणी मांत्रिक, आणि त्या पात्राच्या तोंडून बोलतो. एकजण सूत्रधार असतो. वाटेत काय दिसले, दाराआड कोण होते, शत्रू काय करतो, हे तो सांगतो. जेथे जमेल की नाही असा संशय, तेथे वीस बाजूंचा फासा टाकतात. अशी एक कथा महिनोन्‌महिने चालते. तिला मोहीम म्हणतात.

मी सातवीत शाळा सोडलेला, युनियनच्या कामात जन्म गेलेला माणूस. या खेळात शिरलो तो कामगारांच्या मुलांमुळे. रविवारी ती युनियनच्या खोलीत खेळत. एकदा त्यांचा सूत्रधार आला नाही, आणि 'काका गोष्टी वाचतात' म्हणून मला बसवले. पुढे ते काम माझ्याकडेच राहिले.

आमच्या मोहिमेत एक पूल होता. मागून शत्रू येत होता. एका मुलीचे पात्र लोहार होते. ती म्हणाली, "तुम्ही पुढे व्हा, मी पूल अडवून धरतो." फासे तिच्या विरुद्ध पडले, पूल कोसळला, लोहार नदीत गेला. बाकीचे वाचले. त्या दिवशी चहाला कोणी थांबले नाही. मुलीने पुढच्या रविवारी नवे पात्र घेतले.

तीन महिन्यांनी मला वाटले, पोरांना खूष करावे. प्रेत कोणी पाहिले नव्हतेच. मी लोहाराला एका धर्मशाळेच्या दारात हसत उभा केला. पोरांनी टाळ्या वाजवल्या. मुलीने मात्र फासा खाली ठेवला आणि म्हणाली, "काका, मग त्या दिवशी मी काय केलं?"

मला उत्तर देता आले नाही. घरी जाऊन मी नियमांचे पुस्तक पुन्हा उघडले.

२०१४ च्या पाचव्या आवृत्तीत मरणे सहसा एकाएकी येत नाही. जीवनगुण शून्यावर आले की पात्र पडते, आणि आपल्या दर पाळीला फासा टाकते. दहा किंवा अधिक पडले तर यश. तीन यशांनी जीव तगतो, तीन अपयशांनी जातो. गेलेल्याला उठवण्याचा मंत्रही आहे. पण मृत्यूला दहा दिवसांहून जास्त झालेले नसावेत, पाचशे सुवर्णमुद्रांचा हिरा खर्ची पडतो, आणि उठलेला काही दिवस अशक्तच राहतो. आणखी एक अट आहे, तिच्यापाशी मी थांबलो. आत्म्याची परत यायची इच्छा नसेल, तर मंत्र चालत नाही. मी ज्याला उठवले, त्याच्या मालकिणीला विचारलेच नव्हते!

मेला असे नुसते समजले गेलेले पात्र मंत्रावाचून परत येते. त्याचा उत्तम धडा शेरलॉक होम्सचा. कॉनन डॉयल यांनी डिसेंबर १८९३ मध्ये त्याला रायशेनबाखच्या धबधब्यावर संपवले आणि १९०३ मध्ये परत आणले. वॉटसनने काय पाहिले होते? कड्याकडे गेलेल्या पावलांच्या दोन ओळी, परतीची एकही नाही, आणि एक चिठ्ठी. प्रेत नाही. परत आणताना डॉयलने यातले काही खोटे ठरवले नाही. जे दिसले होते त्याचा अर्थ तेवढा बदलला. मॉरिआर्टी मेला तो मेलाच. होम्स तीन वर्षे कोठे होता, का लपला, कोणाला ठाऊक होते, याचा हिशेब त्याने दिला. आणि वॉटसन त्याला पाहून बेशुद्ध पडला. ज्याने शोक केला, त्याच्या शोकाला कथेत जागा मिळाली.

माझ्या लोहाराला यातले काहीच नव्हते. तो कोठे होता ते मी सांगितले नाही, त्याला काय सोसावे लागले ते दाखवले नाही. शिवाय असे दोनदा झाले की पोरे ओळखतात, हा अमर कबड्डीचा डाव आहे. मग पुलावर कोणी उभे राहत नाही, आणि राहिले तरी त्यात काही पणाला लागलेले नसते.

हे मला आधीच कळायला हवे होते. संपात काढून टाकलेला माणूस काही वर्षांनी कामावर परत येतो, तेव्हा दारात पेढे वाटतात. पेढे जरूर वाटावेत. पण त्याच्या पाठीवर थाप मारून "चला, झाले गेले विसरा" म्हणणारा त्याचा अपमानच करतो. मधल्या वर्षांत त्याच्या बायकोने घरातली भांडी विकलेली असतात. ती वर्षे मोजल्याशिवाय तो परत आला असे म्हणता येत नाही.

पुढच्या रविवारी मी मुलीची सर्वांसमोर माफी मागितली आणि विचारले, "लोहाराचे काय करू?" तिने थोडा विचार केला. खाली कोळ्यांनी त्याला जाळ्यात ओढून काढले, ती म्हणाली. उजवा हात गेला, तीन महिने तो त्यांच्याच झोपडीत पडून होता. धर्मशाळेपर्यंत तो चालत आला, तो फक्त सोबती जगले की नाही ते पाहायला. "आता त्याला मोहिमेवर नेऊ नका, काका. तो डाव्या हाताने पूल पुन्हा बांधतोय."

तसेच ठरले. मोहीम त्या वाटेने गेली की पोरे पुलापाशी थांबतात, आणि एखादा फासा दगड वाहण्यासाठी टाकतात.