मेनूच्या पडद्यावर कार्ड का तापतं?

गेम सुरू करून तुम्ही चहा आणायला उठता. पडद्यावर फक्त मेनू आहे, मागे संथ सरकणारं धुकं आणि चार बटणं. कप घेऊन परत येता, तर कॅबिनेटचे पंखे घोंघावतायत. ऐन लढाईतही ते एवढे ओरडत नाहीत. अशा वेळी हमखास दोन समज पुढे येतात. एक, मेनूत काहीच घडत नाही, म्हणजे आवाजाचं कारण दुसरंच काहीतरी असणार. दुसरा नेमका उलटा, की हा मेनूच ग्राफिक्स कार्ड जाळणार.

पहिला समज का चुकतो, ते स्वयंपाकघरात लगेच कळतं. एकजण पोळ्या लाटतो, दुसरा भाजतो. लाटणारा म्हणजे प्रोसेसर, तवा म्हणजे ग्राफिक्स कार्ड, आणि पोळी म्हणजे पडद्यावरचं एकेक चित्र, अर्थात फ्रेम. खेळ रंगात असताना शत्रू कुठे वळला, गोळी कुणाला लागली, भिंत कशी कोसळली याचा हिशोब प्रोसेसरला प्रत्येक फ्रेमआधी करावा लागतो. लाटायला वेळ लागतो, म्हणून तव्याला मधूनमधून उसंत मिळते. मेनूत हिशोब जवळपास नसतोच. पोळ्या सटासट लाटून येतात आणि तवा एक क्षणही रिकामा राहत नाही. दृश्य साधं असल्यामुळे एकेक फ्रेम चटकन तयार होते, आणि मर्यादा घातलेली नसेल तर कार्ड सेकंदाला हजारावर फ्रेम काढत सुटतं. तुमचा मॉनिटर ६० हर्ट्झचा असेल, तर तो सेकंदाला ६० वेळाच चित्र बदलतो. बाकीची बहुतेक मेहनत डोळ्यांपर्यंत पोचतच नाही. तिची उष्णता मात्र खोलीत येते, आणि मे महिन्यात ती अंगाला जाणवते.

हे माझ्या टेबलावर कानांनाही कळतं. एका जुन्या गेमच्या मेनूत फ्रेमचा आकडा चार अंकी झाला की कार्डातून डासासारखी बारीक ‘चीं’ सुरू होते. कार्डावरच्या कॉइल वीजप्रवाहाच्या चढउतारानं थरथरतात, त्याचा तो आवाज. फ्रेमवर ६० ची मर्यादा घातली की तो थांबतो. ही ‘चीं’ ऐकून कार्ड मरायला टेकलं असं अनेकांना वाटतं. आवाज त्रासदायक आहे, पण तेवढ्यावरून कार्ड बिघडलं असं म्हणता येत नाही.

आता दुसरा समज. तो घट्ट रुजला २०२१ च्या जुलैत. अमेझॉनच्या ‘न्यू वर्ल्ड’ या गेमची मर्यादित खेळाडूंसाठीची बीटा चाचणी सुरू होती आणि काही खेळाडूंची आरटीएक्स ३०९० कार्डं बंद पडली. त्यात ईव्हीजीए कंपनीच्या कार्डांची चर्चा सर्वाधिक झाली. ३०९० म्हणजे ३५० वॉटचं, त्या काळातलं अतिशय महागडं कार्ड, त्यामुळे हळहळ मोठी होती. अमेझॉननं मेनूच्या पडद्यावर फ्रेमची मर्यादा घातली, आणि ‘मेनूनं कार्ड जाळलं’ हे वाक्य कायमचं चिकटलं.

पुढचा भाग फारसा कुणाच्या लक्षात राहिला नाही. ईव्हीजीएनं परत आलेली कार्डं क्ष-किरणांखाली तपासली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये कंपनीनं सांगितलं की अशी कार्डं साधारण दोन डझन होती, सुरुवातीच्या २०२० च्या उत्पादनातली, आणि वीजपुरवठा सांभाळणाऱ्या मॉसफेटभोवतीचं सोल्डरिंग खराब होतं. पंख्यांच्या कंट्रोलरवर आधी संशय घेतला गेला होता, तोही कंपनीनं खोडून काढला. म्हणजे दोष कार्डात आधीपासून होता, गेमच्या ताणात तो उघडा पडला. मेनूला मारेकरी ठरवणं मला म्हणूनच पटत नाही. धड कार्ड आपलं रक्षण आपणच करतं. तापमान मर्यादेशी आलं की ते आपला क्लॉक स्पीड उतरवतं, सरासरी वीजवापरही ठरलेल्या सीमेत ठेवतं. काही मिलिसेकंदांचे झटके त्या सीमेपलीकडे जातात, पण ते झेलतील असे सुटे भाग बसवणं हे बनवणाऱ्याचंच काम आहे.

गेम बनवणाऱ्यांना मी यातून पूर्ण मोकळं सोडत नाही. हा प्रश्न त्यांना २०२१ च्या कितीतरी आधी माहीत होता. २०१० मध्ये ‘स्टारक्राफ्ट २’ आला, तेव्हा त्याच्या साध्या पडद्यांवर कार्डं तापत असल्याच्या तक्रारी झाल्या. गेम बनवणाऱ्या ब्लिझर्डनं तेव्हा ‘व्हेरिएबल्स’ नावाच्या फाइलमध्ये दोन ओळी टाकायला सांगितल्या होत्या. एकीनं खेळातल्या फ्रेम ६० वर थांबत, दुसरीनं मेनूतल्या ३० वर. दोन ओळींचं काम होतं. ते खेळाडूवर न टाकता गेममध्येच असायला हवं होतं, आणि आजच्या प्रत्येक गेममध्ये असायला हवं.

कार्डाचा ‘वापर १०० टक्के’ दिसला की घाबरणंही असंच बिनबुडाचं. त्रिमितीय दृश्यं रेंडर करणाऱ्यांची कार्डं तासन्‌तास पूर्ण ताकदीनं चालतात, ती त्यासाठीच असतात. पाहायचं ते तापमान, आणि जाळीत साचलेली धूळ. मर्यादा घातल्यानं कार्डाची ताकद कमी होते, हेही खरं नाही. मर्यादेनं वाचते ती वाया जाणारी वीज. ३५० वॉटचं कार्ड मेनूत दोन तास पूर्ण ताकदीनं चाललं तर पाऊण युनिटच्या आसपास वीज जाते, एवढा साधा हिशोब आहे.

कार्ड एनव्हिडियाचं असेल तर त्याच्या कंट्रोल पॅनलमध्ये कमाल फ्रेम दर ठरवता येतो, गेम मागे ठेवून दुसरं काम करत असाल तर त्यासाठी वेगळी मर्यादाही देता येते. एएमडीच्या ड्रायव्हरमध्येही अशी सोय आहे. मर्यादा मॉनिटरच्या हर्ट्झइतकी ठेवा. फक्त कार्ड नवं असेल तर आधी काही दिवस त्यावर मर्यादेशिवाय भरपूर जड गेम खेळा, म्हणजे दडलेला दोष असेल तर तो वॉरंटीतच उघडा पडेल. ताणाखाली पडदा काळा झाला, संगणक बंद पडून पुन्हा सुरू झाला, तर आधी वीजपुरवठ्याचा डबा आणि केबल तपासा. दोन्ही ठीक असतील तर फ्रेम कमी करून दिवस काढू नका. वॉरंटी शिल्लक आहे तोवर कार्ड दुकानदाराकडे न्या.